डार्क चॉकलेटने रक्तवाहिन्या खरंच ‘मोकळ्या’ होतात का? कोकोतला घटक, दुकानातली वडी आणि बीपीची गोळी

‘रोज डार्क चॉकलेटचे दोन तुकडे खा, रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवा’ अशा धाटणीचे मेसेज आणि रील्स अधूनमधून प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन जातात. गंमत अशी, की हा दावा निव्वळ थाप नाही. कोकोच्या बीमध्ये असलेल्या एका रसायनगटाचा रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. तो यंत्रावर मोजता येतो आणि गेली वीस-पंचवीस वर्षं त्यावर मोठमोठ्या विद्यापीठांत काम सुरू आहे. अडचण पुढे आहे. ते रसायन आणि काउंटरवरची चकचकीत वडी यांच्यामध्ये कारखाना उभा आहे. आणि त्या वडीच्या भरवशावर कोणी बीपीची गोळी कमी केली, तर प्रश्न गमतीचा राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यासाठी त्यांना औषध सुरू आहे. म्हणजे साधारण प्रत्येक घरात हा विषय आहे.

रक्तवाहिनी ‘मोकळी’ होते म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला पाइपचा व्यास आणि पाण्याची धार यांचं नातं समजावून सांगायची गरज नाही. जायकवाडीहून शहरात येणाऱ्या जुन्या जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, नवी २५०० मिलिमीटरची. ही चर्चा इथे चहाच्या टपरीवरही होते. बारीक नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाबद्दल फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात एक नियम आहे: दाब तोच ठेवला, तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. नळी फक्त ५ टक्क्यांनी रुंदावली, तर प्रवाह सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. (हा नियम जायकवाडीच्या पाइपला जसाच्या तसा लागू होत नाही, तिथे पाणी खळाळत जातं. शरीरातल्या बारीक धमन्यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो.) म्हणून रक्तवाहिनी किंचित सैल झाली, तरी फरक पडतो.

पण लोखंडी पाइप आणि रक्तवाहिनी यांच्यात एक मूलभूत फरक आहे. पाइपला आपल्यातून किती पाणी चाललंय याचा पत्ता नसतो. रक्तवाहिनीला असतो. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असलेलं अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्त वेगाने घासून जाऊ लागलं की या पेशींना ते जाणवतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. तो वायू काही सेकंदच टिकतो. पण तेवढ्यात बाजूच्या स्नायूंना ‘सैल व्हा’ असा निरोप पोहोचवतो. वाहिनी रुंदावते.

हे कळायला १९८० साल उजाडावं लागलं. अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की आतलं अस्तर शाबूत असेल तर ठरावीक औषधाने पट्टी सैल पडते. अस्तर खरवडून गेलं असेल तर तेच औषध तिला सैल करत नाही. अस्तरातून काहीतरी निघतं, हे नक्की झालं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल त्यासाठी मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी घराघरांत माहीत आहे. ती याच मार्गाने काम करते, शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइड सोडते. तिच्याच जातकुळीतलं नायट्रोग्लिसरीन खुद्द आल्फ्रेड नोबेलना हृदयविकारासाठी सुचवलं गेलं होतं. डायनामाइटचा निर्माता स्फोटकाच्याच मसाल्यावर औषध म्हणून विसंबायला तयार नव्हता!

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘ब्लॉकेज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसलेला क्षार येतो. तो खरवडला की काम झालं. धमनीतला मेदाचा थर तसा पृष्ठभागावर बसत नाही. तो भिंतीच्या आत, अस्तराखाली वर्षानुवर्षं साठत जातो. कोकोतला कोणताही घटक तो थर खरवडून काढत नाही. त्यामुळे ‘ब्लॉकेज निघतं’ असा दावा दिसला, तर तो तिथेच सोडून द्यावा. बोलण्यासारखं आहे ते अस्तराच्या तब्येतीबद्दल. वाढतं वय, तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब यांनी हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी सोडू लागतं आणि वाहिन्या ताठर होतात. कोकोचा संबंध इथे येतो.

कोकोचं नाव यात आलं कुठून?

पनामाच्या किनाऱ्याजवळच्या सान ब्लास बेटांवरून. तिथे कुना (आता गुना असंही लिहितात) ही आदिवासी जमात राहते. बेटावरच्या कुनांचा रक्तदाब वयाबरोबर जवळजवळ वाढत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग आधी त्यामागे जनुकं शोधत होते. पण तेच कुना पनामा सिटीत राहायला गेले की त्यांचाही रक्तदाब वाढू लागतो, हे दिसलं आणि जनुकांची गोष्ट मागे पडली. १९९७ मध्ये त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला. बेटावरच्या आणि शहरातल्या आहारात ठळक दिसलेला फरक म्हणजे कोको. बेटावरचे लोक तो रोज भरपूर पीत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही ‘अमुक बेटावरच्या दीर्घायुष्याचं रहस्य’ छापाची आणखी एक कहाणी झाली असती. हॉलेनबर्ग यांच्या गटाने पुढे २७ निरोगी लोकांना काही दिवस फ्लॅव्हानॉलने समृद्ध कोको पाजला. रोजचं प्रमाण होतं ८२१ मिलिग्रॅम फ्लॅव्हानॉल. त्यांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या. मग शरीरातली नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती थांबवणारं रसायन दिलं आणि तो परिणाम पुसला गेला. म्हणजे कोको नेमक्या त्याच वाटेने काम करत होता. हा अभ्यास २००३ मध्ये आला. २००६ मध्ये आणखी एका संशोधनाने बोट थेट एका रेणूवर ठेवलं: एपिकॅटेचिन. शुद्ध एपिकॅटेचिन दिल्यावरही रक्तवाहिन्यांवर कोकोसारखाच परिणाम दिसला.

फ्लॅव्हानॉल हा वनस्पतींतल्या रसायनांचा एक गट आहे. कॅटेचिन, एपिकॅटेचिन आणि त्यांच्या साखळ्या, प्रोसायनिडिन, हे त्याचे सदस्य. कच्च्या कोको बीची तुरट-कडू चव मुख्यतः यांच्यामुळे. कच्चं सफरचंद किंवा द्राक्षाचं बी चावल्यावर तोंड आकसतं, ते याच कुटुंबाचं काम. पोटात गेल्यावर त्यांचं रूपांतर होतं, रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत शिगेला पोहोचतं आणि नंतर उतरतं. अस्तरातल्या नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला चालना मिळते आणि तयार झालेला वायू वाया घालवणाऱ्या प्रक्रियेला आळा बसतो, असं संशोधक मानतात.

कुनांच्या कहाणीला पुढे फाटेही फुटले. बेटावर प्यायला जाणारा कोको बराचसा बाजारातला, प्रक्रिया केलेला असून त्यात फ्लॅव्हानॉल फारसे नसावेत, असा आक्षेप नंतरच्या संशोधकांनी घेतला. कुना मासे खातात, फळं खातात, होडी वल्हवतात, शहराचा ताण त्यांना नाही. एका जमातीच्या तब्येतीचं श्रेय एका पेयाला देणं घाईचंच होतं. प्रयोगशाळेतले निष्कर्ष मात्र कुनांवर अवलंबून नाहीत. ते स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा मिळाले आहेत.

हे मोजतात कसं?

पद्धत सोपी आणि डोकेबाज आहे. हाताच्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून तिचा व्यास मोजतात. मग बीपी मोजतात तसा पट्टा हाताला गुंडाळून पाच मिनिटं रक्तपुरवठा थांबवतात. पट्टा सोडला की रक्त धावत जातं, अस्तराला ते जाणवतं आणि धमनी रुंदावते. किती टक्के रुंदावली, तो आकडा म्हणजे अस्तराच्या तब्येतीचं प्रगतिपुस्तक. १९९२ मध्ये ही चाचणी पुढे आली. आपल्याकडे नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत ती सापडणार नाही, ती संशोधनातच वापरली जाते.

२०१२ मध्ये ४२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. कोको घेतल्यानंतर काही तासांत धमनी रुंदावण्याचा आकडा सरासरी ३ टक्के बिंदूंनी वाढला. काही आठवडे नियमित घेतल्यावर टिकून राहिलेली वाढ सव्वा टक्क्याच्या आसपास. तरुण, निरोगी माणसात हा आकडा सहसा एक अंकीच असतो, त्यामुळे ही वाढ नगण्य नाही.

डेस्कवर बसून काम करणाऱ्यांसाठी एक ताजा प्रयोगही आहे (हा मजकूर लिहिणाऱ्यालाही तो लागू होतो). तासन्‌तास बसून राहिलं की पायांच्या रक्तवाहिन्यांची ही क्षमता घसरते. ब्रिटनच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने ४० निरोगी तरुण पुरुषांना दोन तास बसवलं. बसण्याआधी एकदा ६९५ मिलिग्रॅम फ्लॅव्हानॉल असलेला कोको दिला, एकदा जवळजवळ फ्लॅव्हानॉल नसलेला. दुसऱ्या वेळी घसरण झाली, पहिल्या वेळी ती टळली. नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणांतही बसल्यावर घसरण दिसली, हे मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं. अर्थात दर तासाला उठून चार पावलं चालायला कोको लागत नाही.

मग रक्तदाब किती उतरतो?

रक्तवाहिनी सैल झाली की रक्तदाब कमी व्हायला हवा. होतो, पण किती, यावर सगळं अवलंबून आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निःपक्ष आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ३५ चाचण्या आणि १,८०४ लोकांची माहिती एकत्र केली. वरचा आणि खालचा, दोन्ही रक्तदाब सरासरी १.८ ने कमी झाले होते. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात वरचा आकडा सुमारे ४ ने उतरला. या चाचण्या २ ते १८ आठवड्यांच्या होत्या आणि रोजचं फ्लॅव्हानॉल सरासरी ६७० मिलिग्रॅम. ही मात्रा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता शेजारी दुसरे आकडे ठेवून पाहू. रक्तदाबाची कोणतीही एक नेहमीची गोळी, नेहमीच्या मात्रेत, वरचा रक्तदाब सरासरी ९ ने उतरवते. रोजच्या जेवणातलं मीठ सव्वाचार-साडेचार ग्रॅमनी कमी केलं, तर तो सरासरी ४ ने उतरतो, उच्च रक्तदाब असलेल्यांत त्याहून थोडा जास्त. म्हणजे चांगल्या प्रतीचा कोको महिनोन्‌महिने घेऊन जे साधतं, ते लोणचं, पापड, फरसाण आणि ठेच्यावर वरून भुरभुरायचं मीठ आवरून फुकटात साधतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा.

रक्तदाबाचा आकडा हे साधन झालं. खरा प्रश्न हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू टळतात का, हा आहे. त्यासाठी अमेरिकेत ‘कॉसमॉस’ नावाची मोठी चाचणी झाली. ६० वर्षांवरील पुरुष आणि ६५ वर्षांवरील स्त्रिया मिळून २१,४४२ जण. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हानॉलच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या. कोणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत, ना डॉक्टरांना. सरासरी साडेतीन वर्षांहून थोडा जास्त काळ हे चाललं. २०२२ मध्ये निकाल आला: कोको गटात हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित ४१० घटना, दुसऱ्या गटात ४५६. म्हणजे १० टक्के कमी. पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगही असू शकतो. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते आणि हा फरक कसोटीला उतरला. बातम्यांचे मथळे २७ टक्क्यांवर झाले, हे सांगायला नकोच. चाचणी ज्या मुख्य प्रश्नासाठी आखली होती त्याचं उत्तर ‘ठामपणे सांगता येत नाही’ असं आलं. मृत्यूंचा आकडा दुय्यम प्रश्नाचा होता. आशादायक, पण अपुरा. बोस्टनच्या संशोधकांनी स्वतःच आणखी अभ्यास हवा असं म्हटलं आहे.

आणि ही कॅप्सूल होती. चॉकलेट नव्हतं.

वनस्पतीचं औषध होतं तेव्हा: मुंबईचं उदाहरण

‘झाडपाल्यातून रक्तदाबाचं औषध’ ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सर्पगंधा ही मुळी आयुर्वेदात शतकानुशतकं वापरात होती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतून रेझर्पिन हा घटक वेगळा केला आणि आधुनिक काळातल्या रक्तदाबाच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक बाजारात आलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत डॉ. वकील होते.

या वाटेवर काय काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. परिणाम मोठा होता, सहज दिसणारा. घटक वेगळा झाला, त्यामुळे गोळीत किती आहे ते छापता आलं. आणि मात्रा ठरल्यामुळेच दुष्परिणामही मोजले गेले. काही रुग्णांना नैराश्य येतं हे कळलं आणि नंतर चांगली औषधं आल्यावर रेझर्पिन मागे पडलं. कोकोच्या बाबतीत घटक सापडला, पण परिणाम लहान आहे आणि वेष्टणावर मात्रा नाही. तो औषध नाही. आहारातला एक उपयोगी घटक आहे, एवढंच आज म्हणता येतं.

दुकानातल्या वडीत फ्लॅव्हानॉल किती?

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. कोकोच्या झाडाला थेट खोडावर पपईएवढी फळं लागतात. आतल्या बिया गरासकट काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, मग भाजतात. चॉकलेटचा वास याच टप्प्यांत तयार होतो, आणि याच टप्प्यांत फ्लॅव्हानॉल घटत जातात. आंबवताना घटतात, भाजताना आणखी घटतात. कारखानदाराच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, कारण तुरटपणा जातो. आपल्याला चॉकलेट आवडतं त्याचं एक कारण हेच, की त्यातलं औषधी म्हणता येईल असं बरंचसं निघून गेलेलं असतं.

त्यानंतर येतो अल्कलीचा टप्पा. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन घराण्याने कोको पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून तिच्यावर क्षाराची प्रक्रिया करायची पद्धत आणली. म्हणून तिला डच प्रक्रिया म्हणतात. आंबटपणा जातो, चव सौम्य होते आणि रंग गडद होतो. काळ्याभोर क्रीम बिस्किटांचा तो रंग याच प्रक्रियेचा. इथे आपली नजर फसते: जितका काळा तितका ‘स्ट्राँग’, असं वाटतं. होतं नेमकं उलट.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात बाजारातल्या कोको पावडरी तपासल्या गेल्या. प्रक्रिया न केलेल्या पावडरीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हानॉल होते. हलकी क्षारप्रक्रिया झालेल्यांत १३.८. मध्यम प्रक्रियेत ७.८. कडक प्रक्रिया केलेल्यांत ३.९. म्हणजे जवळजवळ नऊपट फरक, आणि डब्यावर दोन्हीकडे ‘कोको पावडर’ हेच नाव.

आता थोडा हिशेब. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकवण्यासाठी कोको फ्लॅव्हानॉलचा उपयोग मान्य केला, तो दिवसाला २०० मिलिग्रॅम या मात्रेवर. साध्या, प्रक्रियेविना पावडरीतून तेवढे मिळवायला ६ ग्रॅम पुरतात, म्हणजे दोन-अडीच छोटे सपाट चमचे. कडक प्रक्रियेच्या पावडरीतून मिळवायचे तर ५१ ग्रॅम लागतील. कॉसमॉस चाचणीतले ५०० मिलिग्रॅम गाठायला पहिल्या पावडरीचे साडेचौदा ग्रॅम, दुसरीचे १२८ ग्रॅम. रोज! कॉक्रेनच्या आढाव्यातल्या ६७० मिलिग्रॅमचा हिशेब वाचकांनीच करावा.

चॉकलेटच्या वडीत चित्र आणखी धूसर होतं. वेष्टणावरचा ‘७० टक्के कोको’ हा आकडा कोकोचा गर आणि कोकोचं लोणी, या दोन्हींची बेरीज असतो. फ्लॅव्हानॉल लोण्यात नसतात, ते कोरड्या भागात असतात. म्हणून ७० टक्क्यांच्या दोन वड्यांत फ्लॅव्हानॉलचं प्रमाण अगदी वेगळं असू शकतं. मिल्क चॉकलेटमध्ये कोरडा भागच कमी. व्हाइट चॉकलेटमध्ये तो नसतोच, त्यात फक्त लोणी. आणि बेकरीच्या केकवर ओततात ते ‘कंपाउंड’ म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल घातलेलं, त्याबद्दल या लेखात बोलण्यासारखं काही नाही. ७० ते ८५ टक्क्यांच्या डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅममधून सुमारे ६०० कॅलरी मिळतात. रोज अर्धी वडी संपवणाऱ्याच्या पोटात ३०० कॅलरी जास्तीच्या जातात. त्याने वजन वाढलं, तर रक्तदाब कुठल्या दिशेला जाईल हे सांगायला संशोधन लागत नाही.

भारतात कोको पिकतो आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत, नारळ-सुपारीच्या बागांत. महाराष्ट्राचा संबंध जास्त करून कारखान्यांचा. ठाण्यात तर ‘कॅडबरी जंक्शन’ नावाचा चौकच आहे. आणि आपल्या पिढ्यांनी कोको आधी ओळखला तो वडीतून नव्हे, दुधात घालायच्या पावडरीतून. ती ‘शक्ती देणारी’ समजून मुलांना दिली गेली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटासह अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच नाही. या पेयांत कोको असतो, पण घटकांच्या यादीत साखर कितव्या क्रमांकावर आहे ते वाचलं की पुरे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते.

मग घेताना पाहायचं काय? फ्लॅव्हानॉलचं प्रमाण लेबलवर छापण्याची सक्ती आपल्याकडे नाही. पण एक खूण आहे. कोको पावडरीच्या घटकांत ‘ॲसिडिटी रेग्युलेटर’ म्हणून ५०१, ५००, ५२४ किंवा ५२५ असे क्रमांक असतील, तर ती क्षारप्रक्रिया झालेली पावडर. असे क्रमांक नसतील, घटकांत फक्त कोको असेल, रंग फिकट विटकरी आणि चव आंबटसर-तुरट असेल, तर ती बहुधा साधी. ही खूण फक्त पावडरीसाठी. बिस्किटांवर ५०० हा क्रमांक नुसत्या खाण्याच्या सोड्याचाही असतो. आणि हो, घरी केकमध्ये घातलेला सोडाही फ्लॅव्हानॉलवर कारखान्यातल्या क्षारासारखाच परिणाम करतो.

संशोधनाला पैसा कोणाचा?

बराचसा चॉकलेट कंपन्यांचा. कॉसमॉस चाचणीला मार्स कंपनीच्या एका विभागाने मदत केली, सरकारी निधीही होता. युरोपातला दावा बॅरी कॅलेबॉ या मोठ्या कोको कंपनीच्या अर्जावर मंजूर झाला. उद्योगाचा पैसा असलेल्या चाचण्यांत परिणाम थोडा मोठा दिसतो, हे कॉक्रेनच्या आढाव्यातही नोंदवलं आहे. म्हणून सगळं खोटं ठरत नाही. पण आकडे वाचताना हात थोडा आखडता ठेवावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या अर्जावर परवानगी दिली, ती किमान ४ टक्के नैसर्गिक फ्लॅव्हानॉल असलेल्या खास पावडरीपुरती. हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा पुरावा ‘अत्यंत मर्यादित’ आहे, असं त्या दाव्यातच लिहिण्याची अट घातली. नेहमीची कोको पावडर आणि चॉकलेट यांना हा दावा लावता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

कोकोशिवाय फ्लॅव्हानॉल मिळतात का?

मिळतात, आणि स्वस्तात. ब्रिटनमध्ये नॉरफोक भागातल्या २५,६१८ लोकांच्या लघवीत फ्लॅव्हानॉलच्या खुणा मोजल्या गेल्या. काय खाल्लं ते विचारण्यापेक्षा ही पद्धत भरवशाची. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी फ्लॅव्हानॉल घेणाऱ्या दहा-दहा टक्के लोकांच्या वरच्या रक्तदाबात २ ते ४ चा फरक दिसला. हा २०२० चा अभ्यास. तिथल्या लोकांना फ्लॅव्हानॉल मिळण्याचा मुख्य मार्ग चॉकलेट नव्हता, चहा होता. साल न काढलेलं सफरचंद, द्राक्षं यांतही ते असतात. भाजलेल्या शेंगदाण्याची लालसर साल, जी आपण कुटासाठी चोळून, पाखडून उडवून देतो, तिच्यातही याच कुटुंबातली संयुगं भरपूर असतात. आपल्या चहात अडचण पानांची नाही, साखरेची आहे. दुधाने फ्लॅव्हानॉल शोषले जात नाहीत की जातात, यावर अभ्यास एकमेकांविरुद्ध बोलतात. त्यामुळे दूध बंद करायचा सल्ला मी देणार नाही.

केळ्याबद्दल मात्र एक नवलाची गोष्ट समोर आली आहे. कापलेलं केळं काळं पडतं, ते ज्या एन्झाइममुळे, तेच फ्लॅव्हानॉलचाही फडशा पाडतं. २०२३ च्या एका प्रयोगात केळं घातलेल्या स्मूदीतून घेतलेले फ्लॅव्हानॉल रक्तात ८४ टक्के कमी पोहोचले. शेजारच्या जळगावच्या केळ्यांवर अन्याय करायचा हेतू नाही. केळ्यात पोटॅशियम आहे आणि रक्तदाबासाठी ते चांगलंच. पण ज्यूस सेंटरमधला चॉकलेट-बनाना शेक ‘हार्टसाठी’ म्हणून पिण्यात अर्थ नाही.

कोणी सांभाळून?

सर्वांत आधी, ज्यांना बीपीची गोळी सुरू आहे त्यांनी. कोको घेतल्याने गोळी कमी करायची नसते. कमी करायचीच झाली, तर नोंदवहीतले आकडे पाहून डॉक्टर ठरवतील. ज्यांनी कधी रक्तदाब मोजलाच नाही, त्यांच्यासाठी ३० वर्षांवरील व्यक्तींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी कोको बेतानेच घ्यावा, त्यात ऑक्झलेट बरंच असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम आणि फॉस्फरसचा हिशेब ठेवावा लागतो. मधुमेहींना वडीतली साखर मोजावी लागेल. कोकोत थोडं कॅफिनही असतं, रात्री झोप न येणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.

आणखी एक मुद्दा रील्समध्ये येत नाही. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये डार्क चॉकलेटच्या २८ वड्या तपासल्या. सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं. २३ वड्यांत तर रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम खाल्लं, तरी या दोनपैकी किमान एका धातूचं प्रमाण संस्थेने धरलेल्या मर्यादेच्या वर जात होतं. कॅडमियम झाड मातीतून शोषतं आणि ते बीत साठतं. शिसं बहुतेक वेळा बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून चिकटतं. दोन्ही धातू बसतात ते कोकोच्या कोरड्या भागात, जिथे फ्लॅव्हानॉल असतात तिथेच. त्यामुळे कोकोची टक्केवारी वाढवत नेली की दोन्ही एकत्र वाढण्याची शक्यता असते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी म्हणूनच रोजच्या रोज डार्क चॉकलेट हा सल्ला बसत नाही. मोठ्यांनीही एकाच ब्रँडवर अडून न राहता अधूनमधून बदल करावा, असं तपासणी करणाऱ्यांचं म्हणणं आहे.